बिवळ्याचा पेला

गेल्या महिन्यात रिपोर्ट आला. एचबीएवनसी 7.6. म्हणजे 'बॉर्डरवर आहे हो' म्हणायची सोय आता संपली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन 500 लिहून दिली, रोज चालायला सांगितलं आणि भात कमी करायला सांगितलं. मी पडले कोकणातली. तीनातलं शेवटचंच सगळ्यात अवघड.

आमच्या घराण्यात बातमी फिरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला, म्हणजे अर्धा दिवस. संध्याकाळी नानाकाकांचा फोन.

"अगं, एवढ्यात गोळ्या कसल्या सुरू करतेस? एकदा सुरू झाल्या की जन्माचं लचांड. शेवटी केमिकलच ते. मी तुला पुडी पाठवतो. निव्वळ झाडपाला. जांभळाच्या बिया, गुडमार, कारलं, बिवळा. गुण आला तर आला, अपाय तर नाही ना?"

"काका, अण्णांची पुडी आठवते ना तुम्हाला?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "ती भेसळीची होती. ही तशी नाही."

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. काकांचा जीव आहे माझ्यावर, आणि अण्णा गेल्यापासून जरा जास्तच आहे. फोनवर वाद घालणं बरं दिसलं नसतं. पण उत्तर डोक्यात घोळत राहिलं, थोडं वाचन झालं, आणि हातात आलं ते काका विरुद्ध पुतणी या भांडणापेक्षा बरंच मोठं प्रकरण निघालं. म्हणून इथे लिहिते आहे. (काका हे वाचणार, कारण त्यांचा नातू त्यांना प्रिंट काढून देतो. तर काका, रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.)

आधी अण्णांची गोष्ट, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी.

अण्णांना 1996 साली मधुमेह निघाला. गोळी सुरू झाली ती हीच, मेटफॉर्मिन. त्याच सुमारास कुणीतरी कोकणातून बिवळ्याच्या लाकडाचा पेला आणून दिला. कुणी बिबला म्हणतं, काष्ठौषधींच्या दुकानात त्याला विजयसार म्हणतात. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी ते तपकिरी झालेलं पाणी उपाशीपोटी प्यायचं. अण्णा दोन्ही करत. सकाळी पेला, जेवणानंतर गोळी. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं.

2007 साली अण्णांचा गोळीवरचा विश्वास उडाला. पोटात गुबारा धरतो, तोंडाची चव जाते, ही तक्रार जुनीच होती. त्यात गावात एक गृहस्थ महिन्यातून एकदा शिबिर भरवू लागले. नाडी बघायची आणि काळसर पुडी द्यायची. 'शंभर टक्के वनस्पती' असं वर छापलेलं. आत काय आहे ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. अण्णांनी गोळी बंद करून पुडी सुरू केली. आणि काय सांगू, पंधरा दिवसांत उपाशीपोटीची साखर 102! कित्येक वर्षांत एवढी छान कधी आली नव्हती. अण्णांनी त्या दिवशी पेढे वाटले. (स्वतःही खाल्ले.)

पुढच्याच महिन्यात एका पहाटे आईला जाग आली तेव्हा अण्णा घामाने निथळत होते. आईला म्हणाले, "तुम्ही कोण?" बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर. शेजारच्यांचं ग्लुकोमीटर आणलं, साखर 38. दवाखान्यात सलाईनमधून ग्लुकोज दिलं तशी शुद्ध आली. पण दुपारी साखर पुन्हा उतरली, रात्री पुन्हा. दोन दिवस हेच चाललं होतं. डॉक्टरांनी पुडीचं ऐकलं आणि म्हणाले, "नुसत्या पाल्याने असं होत नाही. यात गोळी कुटून घातलेली असणार. बहुतेक ग्लिबेनक्लामाइड." ग्लिबेनक्लामाइड म्हणजे मधुमेहाची जुनी, स्वस्त आणि जोरकस गोळी. स्वादुपिंडाला चाबूक मारून इन्शुलिन काढायला लावणारी. म्हाताऱ्या माणसात तिचा अंमल लांबतो आणि साखर पुन्हा पुन्हा पडत राहते. असल्या भेसळीचे इशारे निरनिराळ्या देशांच्या औषध खात्यांनी अनेकदा दिलेले आहेत.

पुडीची तपासणी आम्ही केली नाही. घरी आल्या आल्या आईने उरलेल्या सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या. त्यामुळे हा डॉक्टरांचा अंदाज आहे, पुरावा नाही, हे आधीच सांगून टाकते. अण्णा त्यातून बरे झाले आणि पुढे बारा वर्षं जगले. पुन्हा गोळीवर आले, पण कुरकुरतच. शेवटपर्यंत म्हणायचे, "केमिकल ते केमिकल."

आता इतिहासाकडे वळते. कारण ज्या गोळीला अण्णा जन्मभर केमिकल म्हणत आले, तिची पूर्वज एक वनस्पतीच निघाली!

गॅलेगा ऑफिसिनॅलिस असं तिचं नाव. आपल्या वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातली. दक्षिण युरोप आणि पश्चिम आशियात ओलसर जागी उगवणारं, कमरेपर्यंत वाढणारं, जांभळट-पांढऱ्या फुलांचं झुडूप. युरोपातल्या वैदूंच्या बटव्यात ती जुन्या काळापासून होती. प्लेगवर, तापावर, जंतांवर, अंगावरचं दूध वाढवायला. म्हणजे आपल्याकडे एकेका मुळीचे जसे दहा गुण सांगतात तसेच. 1891 साली अमेरिकेत यूटामध्ये ती गुरांचा चारा म्हणून लावून बघितली. तो प्रयोग भलताच अंगाशी आला. मेंढ्यांना ती विषारी ठरली, आणि पसरली अशी की आज तिकडे तिची गणना उपद्रवी तणांत होते.

मेंढी मारणारं हे जे काही तिच्यात आहे, तेच पुढे औषधाच्या वाटेवर घेऊन गेलं. 1914 च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज ताँरे यांनी या वनस्पतीतून एक क्षाराभ वेगळं काढलं. त्याचं नाव गॅलेगीन. हे ग्वानिडीन नावाच्या रसायनाच्या गोतावळ्यातलं. तिकडे 1918 साली वातानाबे या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की ग्वानिडीन दिलं की जनावरांच्या रक्तातली साखर उतरते. पण शुद्ध ग्वानिडीन माणसाला देण्याजोगं नव्हतं, फार विषारी. गॅलेगीन त्या मानाने सौम्य, म्हणून 1920 च्या दशकात ते थोड्या रुग्णांना देऊनही बघितलं. साखर उतरे, पण परिणाम थोडाच वेळ टिके.

मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच धर्तीचे नवे रेणू बनवायला घेतले. 1926 साली ब्रेस्लाऊ इथे (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) फ्रांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सिंथालिन' पुढे आणलं. इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन माणसाला दिलं गेलं ते जानेवारी 1922 मध्ये, म्हणजे अवघी चार वर्षं झालेली. सुईऐवजी गोळी मिळणार म्हटल्यावर लोकांना केवढा आनंद झाला असेल! पण सिंथालिनने यकृताला इजा होते असं दिसू लागलं आणि 1930 च्या दशकात ते मागे पडत गेलं.

आणि याच काळात डब्लिनमध्ये एक रेणू चुपचाप तयार होऊन पडला होता. 1922 साली वर्नर आणि बेल यांनी तो बनवला, मधुमेहाचा विचारही मनात नसताना. 1929 साली जर्मनीत सशांवर त्याची चाचणी झाली, साखर उतरली, विषारीपणाही फारसा दिसला नाही. तरी कुणी पुढे गेलं नाही. तो रेणू म्हणजे मेटफॉर्मिन. इन्शुलिनच्या झगमगाटात आणि सिंथालिनच्या बदनामीत तो जवळजवळ तीस वर्षं अडगळीत पडून राहिला.

बाहेर कसा आला तेही ऐका. फिलिपाइन्समध्ये युसेबियो गार्सिया नावाचे डॉक्टर फ्लूच्या रोग्यांना तो देत होते आणि त्यांना दिसलं की यांची साखर उतरते. 1950 च्या आसपासची ही गोष्ट. पॅरिसमधल्या ज्याँ स्टर्न यांच्यापर्यंत ते पोचलं. स्टर्ननी तरुणपणी गॅलेगीनवर काम केलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात लगेच दिवा पेटला. त्यांनी या कुळातले रेणू पुन्हा तपासले, मेटफॉर्मिन निवडला, मधुमेहाच्या रुग्णांना दिला आणि 1957 साली निष्कर्ष छापले. औषधाला त्यांनी नाव सुचवलं ग्लुकोफाज, म्हणजे साखर खाणारा. (खरं तर तो साखर खात नाही. मुख्यतः यकृत जी जास्तीची साखर रक्तात ओतत असतं, त्याला आवर घालतो. पण नाव छान आहे.)

त्यानंतरही सगळं सुरळीत झालं असं नाही. फेनफॉर्मिन नावाचं त्याचंच भावंड जास्त जोरकस म्हणून लोकप्रिय झालं. त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साठून माणसं दगावू लागली आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस बऱ्याच देशांत त्यावर बंदी आली. भावाच्या पापाची झळ मेटफॉर्मिनलाही लागली. अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती थेट 1994 च्या डिसेंबरमध्ये. 1998 साली ब्रिटनमधल्या मोठ्या मधुमेह अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात 342 वजनदार रुग्णांना मेटफॉर्मिन दिलेलं होतं आणि त्यांचा सरासरी दहा वर्षं पाठपुरावा केलेला होता. नुसत्या पथ्यपाण्यावर ठेवलेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यातले मृत्यू 36 टक्क्यांनी कमी निघाले. आज ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

म्हणजे गंमत बघा. अण्णा ज्याला निव्वळ वनस्पती समजून घेत होते, त्यात बहुधा कारखान्यातली गोळी होती. आणि कारखान्यातली गोळी म्हणून ज्याच्यावर डाफरत होते, तिच्या वंशावळीत एक झुडूप होतं!

आता इथे थांबून "बघा, सगळी औषधं झाडपाल्यातूनच आली" असं म्हणता येईल. काका नक्की म्हणणार. पण ते अर्धंच खरं आहे. मेटफॉर्मिन गॅलेगाच्या पानांत नाही. ते पानांतून काढत नाहीत आणि कधीच काढलं गेलं नाही. झाडाने फक्त दिशा दाखवली. त्या दिशेने चालताना पहिला रेणू कुचकामी निघाला, दुसऱ्याने यकृत बिघडवलं, एकाने जीव घेतले. प्रत्येक वेळी कुणीतरी मोजमाप ठेवलेलं होतं म्हणून ते कळलं. कळलं म्हणून बंद झालं, आणि बंद झालं म्हणून चौथा हाती लागला. गॅलेगाची पानं वाळवून कुणी मला पुडी दिली तर मी हातसुद्धा लावणार नाही. मेंढ्यांचं काय झालं ते वाचलंय.

सफरचंदाची गोष्टही अशीच. 1835 साली बेल्जियममध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला गेला. कडू म्हणून तापावर चालेल, अशी त्या वेळची अटकळ. 1886 साली फॉन मेरिंग यांना दिसलं की तो दिला की लघवीतून साखर जाऊ लागते. म्हणजे औषध सोडा, हा तर मधुमेहाचं लक्षण निर्माण करणारा पदार्थ! पुढे शंभर वर्षांनी कळलं की तो मूत्रपिंडात साखर परत शोषून घेणारं दार बंद करतो आणि रक्तातली साखर बाहेर काढून टाकतो. पण तोंडाने घेतला तर आतड्यातच त्याचे तुकडे होतात, अंगी लागत नाही. म्हणून त्याच्या घडणीवरून नवे रेणू बेतले गेले, आणि 2012 साली युरोपने डापाग्लिफ्लोझिनला मान्यता दिली. आज आपल्यातल्या कित्येकांच्या डब्यात ही गोळी असेल. सालीपासून गोळीपर्यंत 177 वर्षं.

"हे सगळं गोऱ्यांचं झालं, आपल्याकडच्या वनस्पतींचं काय?" हा काकांचा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो आहे. रास्त आहे. मलाही तोच पडला होता.

मधुमेह आपल्या वैद्यांना फार आधी कळला होता. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. गोड लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण आपलं. आणि गुडमार तर नावातच सगळं सांगतो. गूळ मारणारा. मधुनाशिनीही म्हणतात, काही भागांत बेडकीचा पाला. ज्यांनी लहानपणी त्याचं पान चघळून वर साखर खाल्ली असेल त्यांना ठाऊक आहे. साखर वाळूसारखी लागते, गोडाची चव पार जाते. तासाभराने परत येते.

एजवर्थ नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला हा अनुभव पान चघळून वर चहा घेताना आला. 1847 साली फाल्कनर यांनी ते इंग्लंडमध्ये कळवलं. 1887 साली उटकमंडच्या डेव्हिड हूपर यांनी पानांतून 'जिम्नेमिक ॲसिड' वेगळं काढलं. म्हणजे ताँरेंच्या गॅलेगीनच्या सत्तावीस वर्षं आधी! सुरुवातीला आपण मागे नव्हतो.

पण इथे एक फसवं वळण आहे. पान जिभेवरचं गोड मारतं, म्हणून ते रक्तातलंही गोड मारत असणार, असा विचार आपसूक मनात येतो. कारलं कडू, म्हणून साखरेचा शत्रू, हाही त्याच जातीचा. जिभेला रक्ताची खबर नसते हो. ती खबर तपासूनच काढावी लागते.

आणि ती तपासणारी माणसं आपल्याकडे होती, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. 1930 साली डॉ. के. एस. म्हसकर आणि जे. एफ. कायुस यांनी गुडमारावर एक सविस्तर प्रबंधिका छापली. म्हसकर आपले मराठी. कायुस हे फ्रेंच जेझुइट फादर, परळच्या हाफकिन संस्थेत काम करणारे. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरच्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचं संपादनही फादर ब्लॅटर यांच्याबरोबर या दोघांनीच केलं. जनावरांवरच्या प्रयोगांत त्यांना गुडमाराने साखर उतरताना दिसली. तिकडे कलकत्त्यात कर्नल रामनाथ चोप्रा रुग्णांवर चाचण्या करत होते. 1925 साली त्यांनी तोंडलीच्या वेलाचा रस तपासला. बंगालात तो मधुमेहावर नावाजलेला, पण साखर हलली नाही. 1928 साली गुडमार तपासला, तिथेही रुग्णांच्या बाबतीत निराशाच. सशात दिसतं ते माणसात दिसेलच असं नाही, हा धडा इथे पहिल्यांदा मिळाला असावा.

म्हसकर-कायुस यांचं अजून एक काम सांगायलाच हवं. सर्पदंशावर देशभर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती त्यांनी गोळा केल्या आणि एकेक करून तपासल्या. 1931 साली निष्कर्ष छापला की यातली एकही उपयोगाची नाही. विचार करा. दोघांचं आयुष्य वनस्पतींत गेलेलं, वनस्पतींवर प्रेम करणारी माणसं. तरी 'नाही' म्हटलं, आणि छापलं. त्या एका 'नाही'वर विश्वास ठेवून विषावरच्या लसीकडे जे वेळेत गेले ते वाचले असणार. झाडपाल्याचा अभिमान बाळगायचा तर मला असा बाळगावासा वाटतो.

नंतरचा हिशोब थोडक्यात. गुडमाराच्या अर्काची 1990 साली मद्रासमध्ये 22 रुग्णांवर चाचणी झाली. रोज 400 मिलीग्रॅम, दीड वर्षाहून जास्त काळ, चालू गोळ्यांच्या जोडीला. पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. आशा वाटावी असा निकाल, पण 22 माणसं म्हणजे आमच्या घरच्या श्रावणातल्या पंगतीएवढीसुद्धा नाहीत. आणि कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. कारल्याचं म्हणाल तर 2012 च्या कोक्रेन समीक्षेत नीट केलेल्या चारच चाचण्या सापडल्या, आणि त्यांवरून ठाम काही सांगता येत नाही असा शेरा. जांभूळ ब्राझीलमध्येही फार वापरतात, तिथे पानांचा चहा पितात. 2006 साली तिथल्या संशोधकांनी तो चहा आणि गोळी शेजारी शेजारी ठेवून बघितलं. गोळीने साखर उतरली, चहाने नाही. (पानं होती, बिया नव्हत्या, हे काकांच्या बाजूने सांगून ठेवते.)

आणि अण्णांचा बिवळा? त्याचीही चाचणी झालेली आहे! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने म्हणजे आयसीएमआरने केलेली, 1998 साली छापलेली. नव्याने निघालेले, अजून औषध न घेतलेले 97 रुग्ण. बारा आठवड्यांत 67 जणांची साखर आटोक्यात आली. हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. पण पुढचं वाचलं. दिला होता तो लाकडाचा अर्क, दिवसाला दोन ते चार ग्रॅम, मोजून. पेल्यातलं पाणी नव्हे. आणि चाचणी खुली होती. शेजारी तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे गुण बिवळ्याचा किती आणि पथ्याचा किती हे वेगळं काढता येत नाही. म्हणजे दार उघडं आहे, आत कुणी नीट गेलेलं नाही.

का गेलं नाही? पैसा हे एक कारण. बिवळ्यावर पेटंट मिळत नाही, मग दहा वर्षं रुग्णांचा पाठपुरावा कोण करणार? दुसरं कारण वनस्पतीतच आहे. एका पानात एकच रेणू नसतो, शेकडो असतात, आणि त्यांचं प्रमाण माती, ऋतू आणि पान कोवळं की जून यावर बदलतं. मोजणं अवघड. पण मला वाटतं तिसरं कारण आपण आहोत, तुम्ही-आम्ही. आपल्याला पुरावा नकोच असतो, कारण आपला विश्वास आधीच बसलेला असतो. 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हटलं की तपासायचं काही उरतच नाही. आणि दुसऱ्या बाजूचे 'ही सगळी थोतांडं' म्हणून मोकळे. दोघांनाही म्हसकर नकोत.

पूर्वजांचंच ऐकायचं तर पूर्ण ऐकूया. सुश्रुताने मधुमेहाच्या गरीब रुग्णाला काय सांगितलंय? शंभर योजनं चालत जा. अनवाणी, छत्रीशिवाय. मुनीसारखं साधं खा. नाहीतर विहीर खण! पुडी विकणारा कुणी हे सांगताना मी ऐकलेलं नाही. आणि माझ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या खाली काय लिहिलंय? रोज पाऊण तास चालणे. शंभर योजनांचा हप्ताच तो.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पुडी की गोळी, यात झाडपाला की केमिकल हा प्रश्नच नाही. अण्णांच्या पुडीत काय होतं, किती होतं, कुणाला देऊन बघितलं होतं, कुणाचं काय झालं, यातलं काहीही कुणाला ठाऊक नव्हतं. तुमची पुडी भेसळीची नसेलही, मी मानते. पण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडेही नाहीत. या गोळीकडे आहेत, तिच्या दोषांसकट. पोटात गुबारा धरतो हे लिहिलेलं आहे. फार वर्षं घेतली तर बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं तेही लिहिलेलं आहे. मूत्रपिंडं फारच थकलेली असतील तर घेऊ नये तेही. जी वस्तू आपले दोष स्वतः सांगते तिच्यावर मी विश्वास ठेवते. माणसांच्या बाबतीतही माझा हाच नियम आहे.

आज सकाळी माळ्यावरून तो पेला काढला. कडेला एक चीर गेली आहे, आणि आतून अजून थोडा तुरट वास येतो. पाणी भरून बघितलं, तर झिरपलं. धुऊन पुसून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे. अण्णांचा आहे, टाकवत नाही.

गोळी सुरू केली आहे. चालणंही. कारल्याची भाजी आठवड्यातून एकदा करतेच, पण ती आवडते म्हणून. आणि काका, तुम्ही पुडी पाठवाच. फक्त बरोबर एक कागद पाठवा. आत काय काय आहे आणि किती, ते लिहिलेला. कागद आला तर मी तो घेऊन डॉक्टरांकडे जाईन, शब्द देते.

बराच मोठा लेख झाला. असो. भात मात्र अजून सुटलेला नाही.